एकास पंचवीस

आमच्या लहानपणी दिवाळीची सुट्टी लागली की वाड्याच्या अंगणात किल्ला उभा राहत असे. विटा, दगड, पोती आणि वर चिखलाचा लेप. उतारावर अळीव पेरलेले, आणि माथ्यावर सिंहासनाधिष्ठित महाराज. एका वर्षी माझे वडील कचेरीतून परतताना किल्ल्यापाशी थांबले, चष्मा सावरून थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "किल्ला उत्तम झालाय. पण महाराज या दरवाजातून आत कसे गेले रे?" आम्ही दरवाजाकडे पाहिले. तो महाराजांच्या गुडघ्यापर्यंत येत होता! वडील हसून घरात निघून गेले. आम्ही मात्र ती दिवाळी हिरमुसूनच काढली.

त्या प्रश्नाने माझी पाठ पुढे कधी सोडली नाही. माझी सारी नोकरी पिंपरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गेली. डाय करायच्या, साचे करायचे, आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी दुसऱ्याशी भांडायचे, हा तिथला धर्म. तेव्हा मोठी वस्तू लहान करताना काय काय हरवते आणि काय काय नव्याने दिसू लागते, याचे कुतूहल मला आहे ते असे दुहेरी: निम्मे अंगणातले, निम्मे कारखान्यातले.

२०१४ साली मी सहा महिने मिशिगनमध्ये मुलीकडे राहिलो. ती तिथे एका मोटार कंपनीत इंजिनिअर आहे. उन्हाळ्यात तिकडे लोक आपल्या घरातली नको असलेली चीजवस्तू गॅरेजच्या दारात मांडून विकतात. आपल्याकडे जुन्या बाजारात जावे लागते; तिथे जुना बाजार शेजाऱ्याच्या दारातच भरतो. अशाच एका शनिवारी मी आणि अकरा वर्षांची नात फिरायला निघालो असता, चार घरे पलीकडे एका मेजावर, इस्त्री आणि बेसबॉलचे हातमोजे यांच्यामध्ये, मला एक पुठ्ठ्याची पेटी दिसली. कडा झिजलेल्या, झाकणावर मोटारीचे झोकदार चित्र. आत १९४० सालच्या फोर्ड कूपे गाडीचे प्लॅस्टिकचे सुटे भाग होते, एकास पंचवीस या प्रमाणातले. काही जोडलेले, काही तसेच आपल्या देठाला लटकलेले, आणि छप्पर करवतीने कापून वेगळे केलेले.

विकणारे गृहस्थ माझ्याहून थोडेच लहान असावेत. म्हणाले, "पेटी माझीच आहे. तेरा वर्षांचा होतो तेव्हाची. छप्पर कापताना चूक झाली. वडिलांना कळू नये म्हणून पलंगाखाली सरकवली, ती आज बाहेर आली." मी किंमत विचारली. त्यांनी एक डॉलर सांगितला; आणि डॉलर खिशात घालताना एवढेच म्हणाले, "ती पुरी होणार नाही, हे सांगून ठेवतो."

या गाडीची कथा सांगायची, तर आधी ती ज्या छंदातली, त्याची कुळकथा सांगितली पाहिजे.

लहान मोटारी करण्याचा नाद अमेरिकेत फार बोकाळला तो डेट्रॉइट शहराच्या आसपास, आणि त्यात नवल नाही. ज्या गावात सोनार अधिक, तिथली मुले सोन्याचीच भातुकली मांडणार. मोटारींची बॉडी बांधणाऱ्या फिशर बंधूंच्या कंपनीचे बोधचिन्ह म्हणजे नेपोलियनच्या लग्नाच्या आणि राज्याभिषेकाच्या रथांवरून बेतलेला एक राजरथ. ही कंपनी पुढे जनरल मोटर्समध्ये सामील झाली. १९३० साली तिने मुलांसाठी एक स्पर्धा काढली: आम्ही आराखडे देतो, तुम्ही हा रथ घरी बसून लहान प्रमाणात तयार करा. आराखडे मिळत ते कागदावर. बाकी लाकूड, पत्रा, कापड, रंग सारे मुलाने मिळवायचे. दारे उघडली पाहिजेत, चाके फिरली पाहिजेत, आतली गादी शिवलेली पाहिजे. एकेका रथाला शेकडो तास लागत. ज्यांचा रथ पहिला येई त्यांना महाविद्यालयीन शिक्षणासाठी ५,००० डॉलरची शिष्यवृत्ती मिळे. आणि ही रक्कम महामंदीच्या दिवसांतली, हे ध्यानात घेतले म्हणजे मुले रात्र रात्र का जागत हे समजते.

१९३७ पासून रथाच्या जोडीला दुसरी स्पर्धा आली, आणि माझ्या मते खरी क्रांती तिथे झाली. रथ हुबेहूब करायचा होता. पण इथे स्वतःच्या कल्पनेतली मोटार एकास बारा प्रमाणात घडवून पाठवायची होती. दुसऱ्या महायुद्धानंतर रथ मागे पडला, मोटार राहिली. १९४७ सालच्या विजेत्यांत चार्ल्स जॉर्डन नावाचा एक तरुण होता. तो दोन वर्षांनी जनरल मोटर्समध्ये रुजू झाला आणि पुढे १९८६ ते १९९२ या काळात त्या कंपनीच्या साऱ्या रेखांकन विभागाचा प्रमुख होता. अशी आणखीही मुले होती. म्हणजे ज्याला आईबाप 'उद्योग नाही म्हणून काहीतरी खुडबूड' म्हणत, त्या खुडबुडीतून एका मोठ्या धंद्याचे कारागीर निपजले.

हे मी मोठ्या कौतुकाने जेवताना सांगत होतो, तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, ती स्पर्धा फक्त मुलग्यांसाठी होती. मी त्या काळी इथे असते, तरी मला प्रवेश नसता." मी गप्प झालो. तिचे म्हणणे खरे होते. १९६८ साली ही स्पर्धा बंद झाली. तोवर मुलींना तिचे दार उघडले नाही. इतिहासाची गंमत सांगताना दारापाशी कोण उभे राहिले होते, हेही सांगायला हवे.

आता पेटीकडे येऊ. प्लॅस्टिकची लहान मोटार जन्मली ती खेळणे म्हणून नव्हे, तर जाहिरात म्हणून. १९४८ साली डेट्रॉइटच्या परिसरात वेस्ट गॅलोग्ली या वकिलाने एक कंपनी काढली. नाव ॲल्युमिनियम मॉडेल टॉईज, कारण पहिली फोर्ड गाडी तिने ॲल्युमिनियमची ओतली. लवकरच धातू गेला, प्लॅस्टिक आले, आणि नावाची नुसती अक्षरे उरली: ए. एम. टी. नव्या वर्षाची मोटार बाजारात आली की तिची हुबेहूब लहान आवृत्ती विक्रेत्यांकडे जाई. गाडी पाहायला आलेल्या बापाच्या मुलाच्या हातात ती दिली जाई. बाप निघाला तरी मुलगा निघत नसे! त्या पहिल्या गाड्यांचे प्लॅस्टिक मोठे लहरी होते. वर्षे लोटली की पापडासारखे वाकायचे. पुढे पॉलिस्टायरीन वापरात आले आणि तो दोष गेला.

याच सुमारास इतर ठिकाणीही हालचाल होती. कॅलिफोर्नियात रेव्हेल कंपनीने १९५० नंतरच्या पहिल्या दोनतीन वर्षांत जुन्यापुराण्या मोटारींचे जोडायचे संच काढले. शिकागोची मोनोग्रॅम कंपनी १९४५ पासून लाकडी जहाजांचे संच विकत होती, तीही प्लॅस्टिककडे वळली. पण छंदाला वेड म्हणावे असे रूप आले ते १९५८ साली. त्या वर्षी ए. एम. टी.ने जाहिरातीच्या गाडीचेच सुटे भाग पेटीत घातले, आणि सोबत जादा भाग दिले. एकाच पेटीतून तीन गाड्यांपैकी हवी ती करा: कारखान्यातून निघते तशी, शर्यतीची, किंवा तुमच्या मनासारखी बदललेली. किंमत दीड डॉलरच्या आतबाहेर.

हा तिसरा पर्याय म्हणजे या छंदाचा आत्मा. कारखाना म्हणतो, गाडी अशी असते. पेटी म्हणते, अशीही असू शकते; तू ठरव. तेरा वर्षांच्या मुलाला कोण विचारतो तू ठरव म्हणून? शाळा नाही, घर नाही, चर्च नाही. दीड डॉलरच्या पेटीने त्याला ते विचारले.

ही कल्पना मुळात खेळण्यांच्या कंपनीची नव्हे; ती कॅलिफोर्नियाच्या रस्त्यावरची. १९३२ साली फोर्डने स्वस्त गाडीत आठ सिलिंडरांचे व्ही-एट इंजिन बसवले, ६५ अश्वशक्तीचे. सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीत एवढा जोर पूर्वी नव्हता. युद्धानंतर घरी परतलेल्या तरुणांना या जुन्या गाड्या कवडीमोलाने मिळू लागल्या. त्यांनी मडगार्डे काढून टाकली, वजन कमी केले, इंजिने सुधारली आणि कोरड्या पडलेल्या सरोवरांच्या सपाट तळावर त्या पिटाळल्या. काहींना वेगापेक्षा रूपाची हौस होती. ते छप्पर कापून ठेंगणे करीत, दारांच्या मुठी काढून टाकीत, दिवे बॉडीत बुडवून बसवीत. जॉर्ज आणि सॅम बॅरिस या भावांचे लॉस एंजेलिसजवळचे दुकान या कामाची पंढरीच होते. जॉर्ज बॅरिसने सजवलेल्या 'आला कार्ट' या गाडीने ओकलंडच्या प्रदर्शनात १९५८ आणि १९५९ असे लागोपाठ दोन वर्षे पहिले बक्षीस मिळवले, आणि थोड्याच काळात तीच गाडी ए. एम. टी.च्या पेटीतून मुलांच्या मेजावर आली. एड रॉथ नावाच्या दुसऱ्या अवलियाने तर काचतंतूंच्या, बुडबुड्यासारखे छत असलेल्या चमत्कारिक गाड्या बांधल्या. रेव्हेल कंपनी त्याच्या गाड्यांचे संच काढी आणि पेटीमागे त्याला एक सेंट देई.

पुढे पुढे तर उलटी गंगा वाहू लागली. १९६६ साली ए. एम. टी.ने जीन विनफिल्ड या नामांकित कारागिराला हाताशी धरून खऱ्या मापाची वाहने बांधायला सुरुवात केली. 'स्टार ट्रेक' या दूरचित्रवाणी मालिकेतले छोटे अवकाशयान या खेळण्यांच्या कंपनीने बांधून दिले, आणि त्या बदल्यात मालिकेतल्या मोठ्या यानाचा संच विकण्याचा हक्क मिळवला.

आता थोडे माझ्या धंद्यातले. अशा गाडीसाठी आधी मोठ्या मापाचा लाकडी नमुना कोरीत. पँटोग्राफ नावाच्या यंत्राचे एक टोक त्या नमुन्यावरून फिरे आणि दुसरे टोक पोलादात तोच आकार लहान करून खोदी. मग पोलादी साच्यात वितळलेले प्लॅस्टिक दाबाने घुसवायचे, की झाडाला लागलेल्या शेंगांसारखे सारे भाग एका देठावर बाहेर येत. साचा करणे हे फार खर्चाचे काम. म्हणून कंपन्या एक युक्ती करीत: खरी गाडी दरवर्षी थोडी बदले, तेव्हा जुनाच साचा पुन्हा कोरून, जागोजाग भर घालून नव्या वर्षाचा करायचा. टूलरूमचा माणूस म्हणून मला हे वाचताना अंगावर काटा आला. कारण साचा एकदा बदलला, की आदल्या वर्षाची गाडी पुन्हा निघणे नाही. त्या वर्षी ज्या काही हजार पेट्या गेल्या असतील, तेवढ्याच. अलीकडे जुन्या पेट्यांतले भाग मोजून काही हरवलेले साचे नव्याने केले जाऊ लागले आहेत. म्हणजे कारखान्याने पुसलेला इतिहास पोरांच्या पलंगाखालून परत मिळतो आहे!

असो. आमच्या पलंगाखालच्या गाडीचे काय झाले ते सांगतो. पेटीत मुलाने पेन्सिलीने काढलेले एक चित्र निघाले. छप्पर चार इंच खाली आणलेले, कडेच्या पट्ट्या नाहीत, रंग लिहून ठेवलेला: गर्द लाल. चार इंच म्हणजे आपल्या प्रमाणात चार मिलिमीटर. डावीकडचे खांब त्याने बरोबर चार मिलिमीटर कापले होते. उजवीकडे करवत घसरली होती. तिथले सहा गेले होते. छप्पर ठेवले की गाडी अर्धांगवायू झाल्यासारखी दिसे.

माझे म्हणणे पडले की कापलेले खांब पुन्हा जोडावेत आणि गाडी कारखान्यातून निघाली तशी करावी. जुनी वस्तू आहे, मूळ रूपात आणणे हेच तिचा मान राखणे. नात म्हणाली, "पण आजोबा, त्याला तशी नकोच होती." यावर आमचा दोन दिवस वाद चालला. मुलीने मध्यस्थी करायचे नाकारले. शेवटी मीच विचार केला, की मूळ रूप म्हणजे नक्की कोणाचे? कंपनीच्या साच्यातले, की या चित्रातले? साच्यातल्या गाड्या कितीतरी निघाल्या असतील. हे चित्र एकच होते.

उपाय नातीनेच काढला. जिथे चार कापले, तिथे आणखी दोन कापू. मग दोन्हीकडे सहा. ऐकायला सोपे, पण या गाडीचे पुढचे खांब तिरपे आहेत. छप्पर सरळ खाली आणले की ते पुढे आखूड पडते आणि खांबांना खांब मिळत नाहीत. खऱ्या गाडीवर काम करणाऱ्यांनाही हाच पेच पडतो. त्यांचाच तोडगा आम्ही वापरला: छपराचे मधोमध आडवे दोन तुकडे केले, मध्ये प्लॅस्टिकची तीन मिलिमीटरची पट्टी बसवली, सांध्यात लांबी भरली आणि पाण्याच्या पॉलिशपेपरने घासत बसलो. नातीने तीन संध्याकाळी घासले. बोट फिरवून सांधा लागत नाही असे झाले, तेव्हाच ती उठली. माझ्या टूलरूममध्ये असे उमेदवार मला फार थोडे मिळाले.

या प्लॅस्टिकला लावायचा चिकटवा म्हणजे खरे तर डिंक नव्हे. तो प्लॅस्टिकच विरघळवतो आणि दोन्ही कडा एकजीव करतो. म्हणून ओल्या चिकटव्याचे बोट कुठे टेकले, की त्याचा ठसा कायमचा उमटतो. छपराच्या आतल्या अंगाला असा एक अंगठ्याचा ठसा होता. तेरा वर्षांच्या मुलाचा, पन्नास वर्षांपूर्वीचा. नातीने आपला अंगठा त्यावर ठेवून पाहिला. जवळजवळ बरोबर बसला. मी पॉलिशपेपर पुढे केला, तिने तो बाजूला सारला. "आतून आहे. कोणाला दिसणार नाही."

चाक, म्हणजे हातातले सुकाणू, पेटीत नव्हते. भागांचा उरलेला देठ मेणबत्तीवर धरून मऊ करावा आणि हळूच ओढावा, की केसाएवढा बारीक तंतू निघतो. इंजिनाच्या तारा अशाच करतात. जरा कमी ओढून जाडसर राखला, पेन्सिलीभोवती वळवला आणि सुकाणूचे कडे तयार झाले. रंगाला आम्ही घाई केली नाही. एकास पंचवीसमध्ये रंगाचा थर दशांश मिलिमीटर झाला, तर तो खऱ्या गाडीवर अडीच मिलिमीटर झाल्यासारखा दिसतो. बारकावे साऱ्या पुरणासारखे आत दडपतात. म्हणून आधी चंदेरी, त्यावर पारदर्शक लाल, विरळ विरळ हात देत. पाचव्या हाताला खालची चांदी लालीतून चमकू लागली.

या छंदाची पहिली भरती १९६० च्या दशकाअखेर ओसरली. मध्येच विजेच्या पट्ट्यावर धावणाऱ्या लहान मोटारींचे वेड आले आणि गेले. १९७३ च्या तेलसंकटाने प्लॅस्टिक महागले. मुले मोठी होऊन खऱ्या गाड्यांच्या हप्त्यांत गुंतली. १९७८ साली ए. एम. टी. इंग्लंडच्या लेस्नी कंपनीकडे गेली, तिथून आणखी कोणाकडे. सूक्ष्म कामाचा झेंडा जपानकडे गेला. शिझुओका शहरातली तामिया कंपनी मुळात लाकडाची वखार. १९५१ च्या आगीनंतर तिने खेळण्यांची वाट धरली. १९७६ साली तिने पोर्श गाडीचा एकास बाराचा संच काढला, त्यासाठी शुनसाकु तामियांनी एक खरी पोर्श विकत घेऊन ती खिळान् खिळा सुटी केली होती. आज संगणकावर आकार रेखून घरच्या यंत्रातून हवा तो भाग काढता येतो. छंद जिवंत आहे. फक्त जोडणाऱ्यांचे केस पांढरे झाले आहेत.

सप्टेंबरच्या अखेरीस गाडी पुरी झाली. नातीने ती तळहातावर घेतली, आणि आम्ही चार घरे पलीकडे गेलो. गृहस्थ बागेत पाने गोळा करीत होते. त्यांनी चष्मा पुसला, गाडी डोळ्यांसमोर धरली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. खिडक्या टपालपेटीच्या तोंडाएवढ्या झाल्या होत्या, पण गाडी रुबाबदार दिसत होती.

"छप्पर सरळ कसे केलेत?"

"दुसरी बाजूही कापली," नात म्हणाली. "दोन मिलिमीटर."

"एवढेच करायचे होते?" ते म्हणाले. मग जरा थांबून, "मी त्या स्पर्धेसाठी एक गाडी करणार होतो. पण ही अशी बिघडल्यावर मला वाटले, आपला हात या कामाचा नाही. पुन्हा करवत धरली नाही. जन्मभर विम्याचे हिशेब केले."

नातीने गाडी उलटी करून त्यांना छपराच्या आतला ठसा दाखवला. त्यांनी आपला अंगठा जवळ नेला. तो आत मावत नव्हता. ते हसले. गाडी मात्र त्यांनी ठेवून घेतली नाही, म्हणाले, "जिने पुरी केली तिची."

त्या वर्षीची दिवाळी ऑक्टोबरच्या २३ तारखेला होती. तिकडे अंगण गारठलेले, चिखल कुठून आणणार? नातीने तळघरात पुठ्ठ्यांचा किल्ला केला. मी मुद्दाम खाली गेलो, चष्मा सावरून दरवाजाकडे पाहिले. महाराज पुठ्ठ्याचे, दरवाजा त्यांच्याहून दीडपट उंच, तटबंदीची उंची वहीत हिशेब करून काढलेली. सारे एकास पंचवीस. माझ्या वडिलांना बोलायला जागा ठेवली नव्हती. फक्त दरवाजाबाहेर, मावळ्यांच्या पहाऱ्यात, गर्द लाल फोर्ड उभी होती.

मी म्हणालो, "अगं, शिवकाळात मोटार कुठली?"

ती माझ्याकडे न पाहताच मावळे सरळ करीत म्हणाली, "आजोबा, हा किल्ला माझा आहे ना?"